पठ्ठ्यानं घरी जोडायची गाडी विकली आणि फॉर्म्युला वनही गाजवलं

१९४८ साल. लंडनमध्ये इंजिनिअरिंग शिकणारा कॉलिन चॅपमन मैत्रिणीच्या घरामागच्या गॅरेजमध्ये जुनी ऑस्टिन सेव्हन खोलून बसला होता. त्यातूनच त्याची पहिली गाडी झाली. मैत्रीण हेझल पुढे बायको झाली.

१९५७ मध्ये आली लोटस सेव्हन. तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर टॅक्स होता, सुट्या भागांवर नव्हता. अट एकच, जोडणीच्या सूचना द्यायच्या नाहीत. मग म्हणे लोटसनं गाडी खोलायची कशी याचा कागद दिला. लोकांनी तो उलटा वाचला!

पण भावाचं खरं डोकं दिसतं ते मागच्या चाकापाशी. चाकाचं बेअरिंग ज्यात बसतं ते अपराइट. त्यातच त्यानं उभा शॉकअप आणि स्प्रिंग बसवली. चाक आडवं सरकू नये म्हणून वेगळा दांडा लागतो, ते काम त्यानं चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टलाच दिलं. वजन वाचलं. हाच चॅपमन स्ट्रट. पण असा शाफ्ट तुटला तर चाकाचा आधारही गेला.

हलक्या गाड्यांनी लोटसला फॉर्म्युला वनची ७ कन्स्ट्रक्टर्स विजेतेपदं दिली. पण त्या नाजूक आहेत ही तक्रार कायम राहिली. १९७० मध्ये मोंझाला सरावात ब्रेकचा शाफ्ट तुटला आणि योखेन रिंट गेला. त्या वर्षीचं विजेतेपद त्याला मृत्यूनंतर मिळालं.

चॅपमन १६ डिसेंबर १९८२ ला हार्ट अटॅकनं गेला, वय ५४. सेव्हनचे हक्क १९७३ मध्येच केटरहॅमकडे गेले होते. ती आजही सुट्या भागांत मिळते, घरी जोडायला.