आठ आण्याची विकेट

मित्रांनो, 'लगान' आपल्या हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये किती वेळा लागला असेल, याचा हिशोब खुद्द रेक्टर सरांकडेही नसेल. 2001 सालचा पिक्चर. आपल्यातले बरेच जण तेव्हा जन्मलेही नव्हते, तरी त्यातला कचरा सगळ्यांना आठवतो. गावाने शिवायचं नाही असा माणूस, एक हात अधू, पण बॉल हातात आला की तो असा काही वळतो की गोरे बघत राहतात!

हे पात्र एका खऱ्या खेळाडूवरून सुचलं असं पुष्कळ जण म्हणतात. त्याचं नाव पालवणकर बाळू. मी स्वतः डावखुरा स्पिनर (कॉलेज टीमचा कायमचा बारावा गडी!), म्हणून उत्सुकतेने त्याच्याबद्दल वाचायला घेतलं. रामचंद्र गुहांनी भारतीय क्रिकेटच्या इतिहासावर लिहिताना बाळूवर भरपूर लिहिलं आहे. ते वाचून मला वाटलं की पिक्चरने एक गोष्ट अगदी उलटी दाखवली. कचऱ्याला स्पिन जन्मतः मिळाली. बाळूने ती वर्षानुवर्षं, रोज, तासन्‌तास बॉल टाकून कमावली. त्याने ती कशी कमावली, आणि एवढं कमावूनही त्याला काय मिळालं नाही, हे दोन्ही मला इथे सांगायचं आहे. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ मराठी विभागाच्या मॅडम सांभाळून घेतील ही आशा!

बाळूचा जन्म 1876 साली धारवाडला झाला. घराणं मूळ कोकणातल्या पालवणचं, जात चांभार, म्हणजे त्या काळी अस्पृश्य. वडील लष्कराच्या नोकरीत होते, त्यामुळे बाळू आणि त्याचे भाऊ पुण्याच्या कॅम्प भागात वाढले. गोऱ्या अधिकाऱ्यांचं जुनं, टाकून दिलेलं सामान घेऊन ही भावंडं क्रिकेट शिकली असं सांगतात. बाळूनंतर शिवराम, गणपत आणि विठ्ठल. चौघेही पुढे मोठं क्रिकेट खेळले. एका घरातून चार!

शाळा फार झाली नाही. बाळूची पहिली नोकरी पुण्यातल्या पारशांच्या एका क्रिकेट क्लबात. काम म्हणजे पिच झाडणं आणि रोलर फिरवणं, पगार महिना 3 रुपये. 1892 साली तो गोऱ्यांच्या पूना क्लबात लागला आणि पगार 4 रुपये झाला. तिथे रोलर फिरवायचा, क्रीज आखायची, नेट बांधायचं, टेनिस कोर्टावर चुन्याच्या रेषा मारायच्या. नेटमध्ये साहेब लोक बॅटिंगला आले की त्यांना बॉल टाकायला कोणीतरी हवं असायचं. एका साहेबाने या पोराला बॉल टाकायला सांगितलं, आणि तिथून बाळूचं खरं शिक्षण सुरू झालं.

त्या क्लबात कॅप्टन ग्रेग नावाचा बॅट्समन होता. पुढे इंग्लंडमध्ये हॅम्पशायर काऊंटीकडून खेळला, आणि त्या वेळी हिंदुस्थानातल्या गोऱ्या बॅट्समनमध्ये सर्वात चांगल्यांपैकी एक. सांगतात की ग्रेग इतर लोक येण्याच्या तासभर आधी मैदानावर यायचा आणि एकट्या बाळूला बॉल टाकायला लावायचा. बाळूने आऊट केलं की दर वेळी आठ आणे बक्षीस.

आता आपण इंजिनियरिंगची पोरं, जरा गणित करू. एक रुपया म्हणजे 16 आणे. पगार 4 रुपये म्हणजे 64 आणे. ग्रेगला महिन्यात आठ वेळा आऊट केलं की एक अख्खा पगार वर! म्हणजे आठवड्याला फक्त दोन विकेट. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला यापेक्षा मोठा इन्सेंटिव्ह कुठला? पण विकेट फुकट मिळणार नव्हती. समोर काऊंटी दर्जाचा बॅट्समन. बॉल जरा आखूड पडला की कट, जरा पुढे पडला की ड्राइव्ह. चूक झाली की पुढच्याच सेकंदाला कळणार. कंट्रोल सिस्टिम्समध्ये आपण ज्याला फीडबॅक म्हणतो तो याहून वेगळा काय असतो? आणि मला वाटतं आणखी एक फायदा बाळूला झाला असणार. ज्या पिचवर तो बॉल टाकायचा त्यावर रोलरही तोच फिरवायचा. कुठे माती सैल आहे, कुठे ओल राहते, हे त्याच्याइतकं कोणाला कळणार?

वाचताना मला आचरेकर सरांची आठवण झाली. शिवाजी पार्कवर सचिन बॅटिंग करताना ते स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. जो बॉलर आऊट करेल त्याला नाणं, कोणी करू शकलं नाही तर ते सचिनला. ग्रेगचे आठ आणे आणि आचरेकर सरांचा रुपया यात जवळजवळ शंभर वर्षांचं अंतर, पण कल्पना एकच. फरक मात्र मोठा आहे. आचरेकर सरांना खेळाडू घडवायचा होता. ग्रेगला फक्त स्वतःची प्रॅक्टिस हवी होती. बाळू घडला तो जाता जाता.

आज जगभर हे काम ठरवून केलं जातं. अमेरिकेत बेसबॉलमधला बॉल फेकणारा, म्हणजे पिचर, क्लब लहान वयातच करारबद्ध करतात. मग त्याला खालच्या टीममधून काही वर्षं खेळवतात आणि किती बॉल फेकले ते मोजतात, कारण कोपर गेलं की पोरगा गेला. त्यांच्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक नावाचा सगळा डाव चालवणारा खेळाडू असतो. आरॉन रॉजर्स 2005 साली ग्रीन बे पॅकर्सकडे आला, पण ब्रेट फार्व्हच्या मागे तीन सीझन बसून शिकला आणि 2008 मध्ये मुख्य क्वार्टरबॅक झाला. आपल्याकडे 1987 साली चेन्नईला एमआरएफ पेस फाउंडेशन सुरू झालं आणि फास्ट बॉलर घडवायला खुद्द डेनिस लिलीला आणलं. बाळूचे बॉल कोणी मोजले नाहीत, त्याच्या खांद्याची काळजी कोणी घेतली नाही. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे त्याला बॅटिंग कधीच मिळाली नाही. पूना क्लबात बॅटिंग साहेबांनी करायची आणि नोकराने बॉल टाकायचा, असा हिशोब होता. पुढे फर्स्ट क्लास क्रिकेटमध्ये त्याची बॅटिंगची सरासरी तेराच्या आसपास राहिली. सराव मिळाला असता तर? धाकटा शिवराम आणि विठ्ठल हे दोघे चांगले बॅट्समन निघाले हे लक्षात घ्या.

बाळूच्या स्पिनची बातमी गावात पसरली. तेव्हा पुण्याच्या हिंदूंचीही टीम होती आणि तिला गोऱ्यांना हरवायचं होतं. पण अस्पृश्याला टीममध्ये घ्यायचं कसं, यावर वाद झाला. शेवटी जिंकायची इच्छा मोठी ठरली आणि बाळूंना घेतलं. मैदानावर सगळे त्यांनी टाकलेल्या बॉलला हात लावत होते. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर मातीच्या भांड्यात चहा, आणि जेवायला वेगळं पान. विकेट घेतली की टाळ्या, आणि दहा मिनिटांनी तोच माणूस बाहेर उभा! इथे वाचताना मी थांबलो होतो.

साताऱ्याच्या मॅचचा एक किस्सा सांगतात. तिथल्या गोऱ्यांच्या जिमखान्याने बाळूंची स्पिन बोथट करण्यासाठी पिचवर आठवडाभर रोलर फिरवला. तरी बाळूंनी सात विकेट काढल्या आणि पुण्याची टीम जिंकली. ज्याने लहानपणापासून रोलर ओढला त्याला रोलरची भीती कोण घालणार! यानंतर न्यायमूर्ती रानड्यांनी बाळूंचं जाहीर कौतुक केलं आणि ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायला काय हरकत आहे, अशा अर्थाने लोकांना सुनावलं असं सांगतात.

पुण्यात प्लेग आला तेव्हा बाळू मुंबईला गेले. तिथे ते हिंदू जिमखान्याकडून आणि रेल्वेकडून खेळले. फेब्रुवारी 1906 मध्ये हिंदू आणि युरोपियन यांच्यात मॅच झाली आणि हिंदू 109 रन्सनी जिंकले. टीममध्ये बाळू आणि शिवराम दोघेही होते. स्वदेशीच्या चळवळीचे दिवस, त्यामुळे या विजयाचा आनंद क्रिकेटपेक्षा मोठा झाला.

1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिली ऑल इंडिया टीम इंग्लंडला गेली. टीमचे हालच झाले. 14 फर्स्ट क्लास मॅचपैकी फक्त दोन जिंकल्या. पण पस्तिशीतल्या बाळूंनी सगळ्या मॅच मिळून 114 विकेट घेतल्या, सरासरी 18.84. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात 103 रन्समध्ये 8 विकेट, ही त्यांची सर्वोत्तम कामगिरी. सॉमरसेटविरुद्ध शिवरामने सेंच्युरी मारून मॅच काढून दिली. त्या वेळी इंग्लंडचा विल्फ्रेड ऱ्होड्स जगातला नावाजलेला डावखुरा स्पिनर होता, आणि लोक बाळूंना हिंदुस्थानचा ऱ्होड्स म्हणू लागले. पूर्ण कारकीर्दीत 33 फर्स्ट क्लास मॅचमध्ये 179 विकेट, सरासरी 15.21. परत आल्यावर दलित समाजाने मुंबईत त्यांचा सत्कार केला. तरुण भीमराव आंबेडकरांना बाळूंचा फार अभिमान होता.

एवढं सगळं झालं, पण बाळू हिंदूंच्या टीमचे कॅप्टन कधीच झाले नाहीत. अनुभव सर्वात जास्त, विकेट सर्वात जास्त, तरी कॅप्टन दुसराच. एम. डी. पै यांना कॅप्टन केलं तेव्हा हा मान खरं तर बाळूंचा आहे असं त्यांनी स्वतः सांगितलं. 1920 साली तर बाळूंना पहिल्या मॅचमधून वगळलं आणि विठ्ठलना कॅप्टनशिप नाकारली. तेव्हा भावांनी जाहीर निवेदन काढून टीममधून नावं मागे घेतली. लोकांत गाजावाजा झाला. फायनलला भाऊ परत आले, बाळू व्हाइस कॅप्टन झाले. पै थोडा वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या वेळापुरती टीम बाळूंच्या हातात आली. बस, तेवढीच! तीन वर्षांनी, 1923 साली, विठ्ठल कॅप्टन झाले, हिंदू जिंकले आणि लोकांनी विठ्ठलना खांद्यावर घेतलं. त्यांचं 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत 1948 साली आलं.

पुढचं थोडक्यात. बाळू राजकारणात गेले. 1932 च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत चक्क डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभं केलं. बाबासाहेबांना 13,245 मतं पडली, बाळूंना 11,225. 4 जुलै 1955 ला मुंबईत बाळूंचं निधन झालं.

मित्रांनो, आता आपल्या ग्राऊंडकडे या. औंढ्याला जून ते सप्टेंबर ग्राऊंडचं तळं असतं हे सांगायला नको. ऑक्टोबरात जरा सुकलं की नेट लागतं. आणि नेटमध्ये काय होतं? फर्स्ट इयरची पोरं बॉल टाकतात, सीनियर बॅटिंग करतात, आणि पोरांचा नंबर येईपर्यंत अंधार पडतो. कंपाऊंडच्या बाहेर औंढ्यातली पोरं टेनिस बॉलने खेळत असतात. त्यातल्या काहींचे वडील आपल्या मेसमध्ये किंवा ग्राऊंडवर काम करतात. आपला बॉल बाहेर गेला की ती तो परत फेकतात. काहींचा थ्रो आपल्या विकेटकीपरच्या ग्लोव्हजमध्ये सरळ येतो. आपण थँक यू म्हणतो आणि विसरतो.

बाळूच्या गोष्टीतून मी दोन गोष्टी शिकलो. टॅलेंट म्हणजे ज्याच्या हातात बॉल दिला जातो आणि ज्याच्यासमोर चांगला बॅट्समन उभा केला जातो, त्याच्यात हळूहळू तयार होणारी वस्तू आहे. आणि ज्याला नुसता बॉल टाकायलाच ठेवला तो अर्धाच घडतो, उरलेला अर्धा वाया जातो. तो त्याचा दोष नसतो.

म्हणून जिमखाना समितीला माझी या लेखातूनच विनंती आहे. नेटमध्ये जो बॉल टाकेल त्याला अंधार पडायच्या आत दहा मिनिटं बॅटिंग मिळावी, मग तो कुठल्याही इयरचा असो. आणि दर शनिवारी एक नेट औंढ्यातल्या पोरांसाठी खुलं ठेवावं. चहा मात्र सगळ्यांना एकाच किटलीतला! खर्च फार नाही. माझी विकेट काढणाऱ्याला आठ आणे मी माझ्या खिशातून देईन. आठ आण्याचं नाणं आता फारसं दिसत नाही, तेव्हा वडापाव चालेल ना?

(टी. ई. मेकॅनिकल)