कॅप्टनच्या हातात ब्रश

क्रिकेटवेड्यांनो, ‘विस्डेन’ हे नाव तुम्ही ऐकलंच असेल. दरवर्षी निघणाऱ्या या जाडजूड क्रिकेटग्रंथाच्या मुखपृष्ठावर उंच टोप्या घातलेले दोन जुन्या काळातले खेळाडू दिसतात. 1938 च्या अंकापासून आलेलं ते चित्र लाकडावर कोरून तयार केलं एरिक रॅव्हिलिअस या इंग्रज चित्रकाराने. पण त्याच्या आयुष्याची खरी गोष्ट त्यानंतरच्या चार वर्षांत घडली. आणि ती क्रिकेटची नाही, युद्धनौकांची आहे.

एरिकचा जन्म 1903 मध्ये लंडनमध्ये झाला. तो वाढला ईस्टबोर्न या समुद्रकाठच्या गावात. वडिलांचं जुन्या वस्तूंचं दुकान होतं. शिष्यवृत्त्यांच्या जोरावर शिकत तो 1922 मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये पोहोचला. पुढे पुस्तकांसाठी चित्रं, वेजवुड कंपनीच्या मगांवरची नक्षी आणि जलरंगात टेकड्या, शेतं, रिकाम्या खोल्या असं त्याचं काम चाललं होतं. 1930 मध्ये टर्झा गारवूड या चित्रकार मुलीशी लग्न झालं.

1939 मध्ये महायुद्ध पेटलं. डिसेंबरमध्ये सरकारने त्याला नौदलाचा अधिकृत चित्रकार म्हणून नेमलं आणि रॉयल मरीन्सचं मानद कॅप्टनपद दिलं. अंगावर गणवेश आला, पण काम एकच: बघायचं आणि काढायचं.

आपल्या गोरेगावापासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. पण तुमच्यापैकी जे एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेत, त्यांना माहीत आहे, टेबलावरचा माठसुद्धा कागदावर धड बसत नाही. इथे तर आपण डुलणाऱ्या जहाजावर, समोरचं जहाजही पळतंय आणि वरून बॉम्ब पडायची भीती!

मे 1940 मध्ये एरिक ‘हायलँडर’ या विनाशिकेवरून नॉर्वेकडे निघाला. उत्तर ध्रुवाजवळ उन्हाळ्यात मध्यरात्रीही सूर्य मावळत नाही. त्या उजेडात त्याने ‘ग्लोरिअस’ ही विमानवाहू नौका रंगवली. चित्रात विमानं तिच्याकडे परतताना दिसतात. सगळं कसं शांत, जवळजवळ सुंदर. पण 8 जूनला जर्मन युद्धनौकांनी ‘ग्लोरिअस’ आणि तिच्यासोबतच्या दोन विनाशिका बुडवल्या. दीड हजारांहून जास्त माणसं गेली. हे माहीत झालं, की तेच चित्र बघताना पोटात कालवतं.

त्यानंतर तो पाणबुड्यांमध्ये शिरला. आत कोंदट हवा, अंग वळवायलाही जागा नाही. पेरिस्कोपला डोळा लावलेला कमांडर, यंत्रांसमोर बसलेले खलाशी त्याने टिपले. ही चित्रं छापायचा खर्च सरकारी समितीने उचलला नाही, तेव्हा पठ्ठ्याने ती स्वतःच छापून घेतली.

त्याच्या चित्रांत रक्त नाही, आरोळ्या नाहीत. मालगाडीवर ठेवलेला जहाजाचा भलामोठा पंखासुद्धा त्याने तितक्याच जीव लावून काढला, जितक्या जीवाने तो आधी टेकड्या काढायचा. काहींना हे थंड वाटतं. पण युद्धात बहुतेक माणसं बहुतेक वेळ आपापलं काम करत असतात, आणि नेमकं तेच त्याच्या कागदावर उतरलं.

ऑगस्ट 1942 च्या शेवटी तो आइसलँडला गेला. घरी टर्झा कॅन्सरच्या ऑपरेशनमधून सावरत होती, तीन मुलं लहान होती. तिथे एक विमान बेपत्ता झालं होतं. त्याच्या शोधाला निघालेल्या विमानात एरिकही बसला. तेही परत आलं नाही. त्याचं वय होतं 39. त्या महायुद्धात कामावर असताना जीव गमावलेला तो पहिला ब्रिटिश अधिकृत युद्धचित्रकार.

‘ग्लोरिअस’चं ते चित्र लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात आहे. मोबाइलवरही सापडतं. आज रील्स स्क्रोल करताना पाच मिनिटं काढा आणि त्यावर थांबा. त्यात कुठेच न दिसणाऱ्या त्या दीड हजार माणसांची आठवण ठेवून बघा.