गार नाणं जड का वाटतं? २०० हून अधिक वर्षांपूर्वी जन्मलेल्या वेबर यांनी घेतलेला शोध

एक नाणं फ्रिजमध्ये गार करा, दुसरं तळहातात कोमट. आता आळीपाळीने कपाळावर ठेवा. वजन सारखंच, पण गार नाणं जड वाटतं!

हे पहिल्यांदा तपासलं अर्न्स्ट हाइनरिख वेबर यांनी. जन्म १७९५ चा, आजच्या जर्मनीतील विटेनबर्गचा. वडील धर्मशास्त्राचे प्राध्यापक, धाकटा भाऊ विल्हेल्म नामवंत भौतिकशास्त्रज्ञ. अर्न्स्ट यांनी लाइपझिग विद्यापीठात शरीररचना शिकवली आणि १८३४ मध्ये स्पर्शावर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला.

त्यांच्या मते त्वचा तापमान मोजत नाही, त्यातला बदल टिपते. म्हणूनच गार पाण्याचा पहिला तांब्या अंगाला झोंबतो, पाचवा तितका नाही. मात्र चांदीच्या नाण्यांवरून त्यांनी आणखी एक निष्कर्ष काढला: दाब आणि थंडी ही एकच संवेदना आहे.

१८७८ मध्ये त्यांचं निधन झालं. चारच वर्षांनी स्वीडनच्या माग्नुस ब्लिक्स यांना त्वचेवर फक्त थंडी टिपणारे वेगळे बिंदू सापडले. म्हणजे वेबर यांचा निष्कर्ष चुकला.

निरीक्षण मात्र खरं ठरलं. दाब टिपणारे काही चेतातंतू गारव्यालाही प्रतिसाद देतात, हे पुढे दिसून आलं. म्हणूनच नाण्याची ही गंमत तुम्ही आजही घरी करून पाहू शकता.