पाटीवरचं नाव : शेठ वालचंद हिराचंद

स्मरणिकेसाठी प्रत्येकाने काहीतरी लिहायचं ठरलं, तेव्हा बहुतेकांनी शाळेच्या आठवणी निवडल्या. मी मात्र एका अशा सोलापूरकराबद्दल लिहिते आहे, ज्यांचं नाव आपण सगळ्यांनी येताजाता वाचलं; पण ते कोण होते, हे कधी विचारलं नाही. अशोक चौकाकडून सायकलने शाळेत येणाऱ्यांना कॉलेजच्या पाटीवरचं वालचंद हे नाव आठवत असेल. पुढे मी त्याच नावाच्या कॉलेजात इंजिनिअरिंग केलं. चार वर्षं प्रत्येक जर्नलच्या पहिल्या पानावर ते नाव लिहिलं, तरी माझी मजल त्या पाटीपुढे गेली नाही.

नोकरीसाठी बंगळूरला गेले. ऑफिसची बस रोज एचएएलच्या लांबलचक भिंतीशेजारून जायची. लढाऊ विमानं बांधणारी ही कंपनी मुळात आपल्या सोलापूरच्या माणसाने सुरू केली होती, हे मला तिथे, घरापासून इतक्या लांब कळलं. मला त्याची थोडी लाज वाटली. मग मिळेल ते वाचत गेले. त्यातून मला जे समजलं, ते आपल्या सगळ्यांसाठी इथे मांडते.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापूरला झाला. घराणं मूळचं सौराष्ट्रातल्या वांकानेरचं, गुजराती दिगंबर जैन. कापसाचा व्यापार आणि सावकारी हे घरचे धंदे. आई त्यांच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत गेली. वडील हिराचंद नेमचंद सुधारक विचारांचे. जैन बोधक हे मराठी मासिक त्यांनीच सोलापुरात सुरू केलं. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि पुढे गुलाबचंद, रतनचंद, लालचंद हे सावत्र भाऊ झाले. ही नावं लक्षात ठेवा, कारण शेवटी सगळा कारभार याच भावांच्या हाती जाणार आहे.

मॅट्रिकनंतर वालचंद आधी मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले. पदवी न घेताच ते घरी परतले आणि पेढीच्या कामाला लागले. पण तिथे त्यांचं मन रमलं नाही. ज्यांच्या नावाने आज दोन शहरांत इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, ते स्वतः इंजिनिअर नव्हते आणि पदवीधरही नव्हते. आपल्या बॅचमध्ये ज्यांचं शिक्षण मध्येच सुटलं, त्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं. मात्र आपण शिकलो नाही म्हणून शिकण्याची गरजच नाही, असं मानणारे ते नव्हते. जे आपल्याला येत नाही, ते येणारा माणूस शोधायचा आणि त्याला शेजारी बसवायचा, ही त्यांची रीत होती.

असा पहिला माणूस त्यांना सोलापुरातच भेटला. लक्ष्मणराव बळवंत फाटक हे पूर्वी रेल्वेत कारकून होते. नोकरी सोडून ते छोटीमोठी कंत्राटं घेऊ लागले होते. कंत्राटदारीत काय लागतं, हे आपल्यापैकी सिव्हिलवाल्यांना सांगायला नको. मुरमाच्या एका ब्रासला किती पैसे पडतील आणि कातळ लागला तर किती, मजूर कुठून आणायचे, पावसाळ्याआधी कितपत काम उरकेल, या सगळ्याचा अंदाज आधी कागदावर मांडायचा, त्यावर दर भरायचा आणि अनामत ठेवायची. काम मिळालं की पैसा आधी आपला जातो. मोजमाप होऊन बिल नंतर मंजूर होतं. दर शनिवारी मजुरांची मजुरी द्यावीच लागते. बिल मात्र सरकारी चालीने येतं. फाटकांना दर माहीत होते, पण त्यांच्याजवळ भांडवल नव्हतं. वालचंदांना दर माहीत नव्हते, पण घराण्याची बाजारात पत होती. दोघांची जोडी जमली आणि फाटक-वालचंद ही फर्म उभी राहिली.

फर्मचं पहिलं मोठं काम आपल्या ओळखीच्या मुलखात होतं. बार्शी लाइट रेल्वेच्या नॅरोगेज फाट्याचा येडशी ते तडवळे हा सुमारे सात मैलांचा टप्पा त्यांना मिळाला. कुर्डुवाडी, बार्शी, लातूरकडच्या मित्रांनी लहानपणी त्या छोट्या गाडीतून प्रवास केला असेल. आता तिथे ब्रॉडगेज आहे. एका मोठ्या बांधकाम कंपनीचं खातं असं आपल्या माळरानावर उघडलं गेलं.

घराण्याच्या मालकीची कंपनी म्हटली की आपल्याला बाप, मुलगा, नातू अशी साखळी दिसते. या कंपनीच्या मुळाशी मात्र नात्याचा नसलेला, दुसऱ्या समाजातला, खिशाने हलका पण कामाने जाणता असा एक माणूस आहे. पैसा घराण्याचा होता. धंद्याची अक्कल भागीदाराकडून आली. कंपनीच्या नावात फाटक आधी आणि वालचंद नंतर, हेही मला महत्त्वाचं वाटतं.

पहिल्या महायुद्धात लष्करी बांधकामांची कंत्राटं मिळाली आणि फर्म सधन झाली. 1920 मध्ये टाटांच्या सहभागाने टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली आणि फाटक-वालचंदचं काम तिच्यात सामावलं गेलं. तानसा तलावाचं पाणी मुंबईत आणणाऱ्या मोठ्या नळांचं काम आणि भोर घाटातल्या रेल्वे बोगद्यांचं काम ही त्या काळातली गाजलेली कामं. 1926 मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीची स्थापना झाली. टाटा कन्स्ट्रक्शनचं नाव 1935 मध्ये प्रीमियर कन्स्ट्रक्शन झालं.

भोर घाटात पूर्वी गाडी एका ठिकाणी थांबवून उलट दिशेने काढावी लागे. चढ इतका अवघड होता की सरळ वळण घेणं शक्यच नव्हतं. नवीन मार्ग काढून, डोंगर पोखरून ती अडचण 1920च्या दशकाच्या अखेरीस दूर झाली. आज आपली गाडी खंडाळ्याहून कर्जतकडे न उलटता उतरते, ती त्या पिढीच्या कामामुळे.

बांधकामात पाय रोवत असतानाच वालचंदांनी समुद्रात उडी घेतली. 1919 मध्ये नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांच्यासोबत त्यांनी सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या महाराजांकडून विकत घेतलेलं लॉयल्टी हे जहाज 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनकडे निघालं. हाच दिवस आता राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. शाळेत आपण हा दिवस पाठ केला असेल, पण पुढचा भाग पुस्तकात नव्हता. लॉयल्टी तोट्यात गेली आणि चार वर्षांत भंगारात निघाली. ब्रिटिश जहाज कंपन्यांनी भाडी पाडून सिंधियाला जेरीस आणलं. 1923 मध्ये लॉर्ड इंचकेप यांच्याशी दहा वर्षांचा करार करावा लागला. त्यात सिंधियाने किती जहाजं ठेवायची आणि कुठे चालवायची, यावर बंधनं होती. वालचंदांना हा करार फार लागला. पण कंपनी बुडवण्यापेक्षा हात बांधून का होईना, ती जगवणं त्यांनी पत्करलं. 1929 पासून 1950 पर्यंत ते सिंधियाचे अध्यक्ष होते आणि देशाच्या किनाऱ्यावरची वाहतूक देशी जहाजांसाठी राखावी, या मागणीसाठी ते सतत झगडत राहिले.

इथे एक अवघड गोष्टही सांगायला हवी. ज्या सरकारशी जहाजांवरून भांडायचं, त्याच सरकारच्या आणि रेल्वेच्या कामांवर बांधकाम कंपनी वाढत होती. एका हाताने बिल पाठवायचं आणि दुसऱ्या हाताने निवेदन, असा तो मामला होता. काहींना तो धूर्तपणा वाटला, काहींना देशभक्ती. मला दोन्हींचं मिश्रण दिसतं. आणि घाटात सुरुंग लावणाऱ्या, डोक्यावर दगड वाहणाऱ्या मजुरांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत, हेही विसरून चालणार नाही.

शेतीतही त्यांनी कंत्राटदाराच्या नजरेनेच पाहिलं. मालेगावजवळ रावळगावला त्यांनी मोठं शेत वसवलं आणि तिथे साखर कारखाना आला. लहानपणी चार आण्याला मिळणारी रावळगावची गोळी त्याच गावची. इंदापूर तालुक्यात कळंबजवळ, मार्सलँड प्राइस या बांधकाम कंपनीकडे असलेल्या जमिनीवर 1934 मध्ये दुसरा साखर कारखाना उभा राहिला. त्याभोवती वसलेलं गाव म्हणजे वालचंदनगर.

1939 मध्ये अमेरिकेहून परतताना विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान व्यावसायिकाशी गाठ पडली. पुन्हा तीच रीत. ज्याला येतं, त्याला शेजारी बसवायचं. म्हैसूर संस्थानाची मदत घेऊन 23 डिसेंबर 1940 रोजी बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. युद्ध जवळ आलं तसं सरकारने आधी तिच्यात भाग घेतला आणि 1942 मध्ये वालचंदांचा भाग विकत घेऊन कंपनी ताब्यात घेतली. जेमतेम सव्वा वर्षात विमानांचा कारखाना हातातून गेला.

जून 1941 मध्ये विशाखापट्टणमला सिंधियाच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी बसवली. पुढच्याच वर्षी जपानी विमानांनी त्या शहरावर बॉम्ब टाकले. काम रखडलं, पण थांबलं नाही. 14 मार्च 1948 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते जलउषा हे जहाज तिथून पाण्यात उतरलं. हा कारखानाही पुढे सरकारकडे गेला. 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. तिचा कारखाना कुर्ल्याला होता. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींमधली पद्मिनी याच कंपनीची.

1949 मध्ये वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला. 1950 मध्ये ते कामातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाई अखेरपर्यंत त्यांच्यासोबत होत्या. 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातेत सिद्धपूर इथे त्यांचं निधन झालं.

त्यांच्या मागे कारभार भावांकडे आणि पुतण्यांकडे आला. पिढ्या वाढल्या तशा वाटण्या झाल्या. मोटारींची कंपनी लालचंदांच्या शाखेकडे गेली, हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन गुलाबचंदांच्या. कोयनेचं धरण, फराक्काचा बंधारा, 2009 मध्ये सुरू झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू ही याच बांधकाम कंपनीची कामं. पुढे तिच्यावर कर्जाचा मोठा बोजाही आला. पद्मिनी रस्त्यावरून गेली. रावळगावची गोळी आता शोधावी लागते.

हे सगळं वाचून झाल्यावर मला एक हिशोब लागला नाही. विमानं आणि जहाजबांधणी, म्हणजे जे हातातून गेलं, ते आज देशाच्या मालकीचं असून चालू आहे. जे घराण्यात राहिलं, त्यातलं काही टिकलं, काही विरलं. मग वालचंदांनी कमावलं काय आणि गमावलं काय?

त्याचं उत्तर मला त्यांच्या पहिल्या धंद्यात सापडलं. कंत्राटदार जे बांधतो, ते त्याचं नसतं. जागा दुसऱ्याची, पैसा दुसऱ्याचा आणि काम संपलं की किल्ली दुसऱ्याच्या हातात. येडशी-तडवळेचे रूळ वालचंदांचे नव्हते, तानसाचं पाणीही त्यांचं नव्हतं. बांधायचं, नीट बांधायचं, मोजून द्यायचं आणि पुढच्या कामाला निघायचं. विमानांचा कारखाना गेल्यावर त्यांना दुःख झालं नसेल, असं मी म्हणत नाही. पण दोन वर्षांत ते मोटारींच्या मागे लागले होते. मी स्वतः वीस वर्षं दुसऱ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिते आहे. त्यातलं काहीच माझ्या मालकीचं नाही. हा माणूस समजल्यापासून मला त्याचं वैषम्य वाटत नाही.

आपल्यातल्या काहींनी वडिलांची चादरीची मागं बंद केली, काहींनी बाजारातली दुकानं विकली. भेटल्यावर हा विषय निघाला की त्यांचा आवाज खाली जातो. त्यांना मला एवढंच सांगायचं आहे, की घराण्याचा धंदा म्हणजे केवळ गल्ला आणि पाटी नव्हे. शनिवारी मजुरी चुकू द्यायची नाही, आपल्याला येत नाही ते येणाऱ्याला मान द्यायचा, हात बांधले गेले तरी काम सोडायचं नाही, हेही वडिलांनी दिलेलंच असतं. ते विकता येत नाही आणि त्याची वाटणीही होत नाही.

शाळा संपल्यावर आपण बहुतेक जण सिद्धेश्वर एक्सप्रेसने सोलापूर सोडलं. पहाटे कधीतरी खंडाळ्यापुढे गाडी बोगद्यात शिरायची, आवाज बदलायचा आणि झोप चाळवायची. पुढे काय होणार, या काळजीने त्या अंधारात मी खिडकीला डोकं टेकून बसलेली मला आठवते. त्या घाटात आपल्या आधी एक सोलापूरकर येऊन वाट करून गेला होता, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर काळजी थोडी कमी झाली असती. आपल्या मुलांना तरी आपण ते सांगू या.