थोरांची ओळख : एडविन आर्मस्ट्राँग

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यापैकी काहींच्या घरी माळ्यावर आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ अजून असेल. असा रेडिओ दुरुस्त झाला की जाणकार त्याची संवेदनक्षमता मोजतात, म्हणजे तो किती क्षीण लहर पकडतो हे पाहतात. सिग्नल जनरेटर या यंत्रातून एरियलच्या जागी लहर देतात आणि स्पीकरला ठरावीक शक्ती, बहुधा 50 मिलिवॅट, मिळेपर्यंत ती वाढवत नेतात. त्यासाठी किती मायक्रोव्होल्ट लागले, ते त्या रेडिओचे गुण. मात्र या परीक्षेत कमी गुणवाला पहिला येतो! मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. इतक्या क्षीण लहरीतून आवाज उमटवण्याचा मार्ग दाखवणाऱ्या एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग यांची ओळख या अंकात आम्ही करून देत आहोत.

त्यांचा जन्म 18 डिसेंबर 1890 रोजी न्यूयॉर्क येथे झाला. लहानपणीच्या आजारामुळे त्यांना दोन वर्षे घरीच शिकावे लागले. पुढे रेडिओचा छंद जडला आणि त्यांनी घराच्या आवारात सुमारे 125 फूट उंच एरियलचा खांब उभारला.

त्या काळी ली डी फॉरेस्ट यांचा ऑडियन हा व्हॉल्व्ह नवा होता. पण तो नेमका कसा चालतो, हे खुद्द त्यांनाही नीट उलगडले नव्हते. कोलंबिया विद्यापीठात शिकणाऱ्या आर्मस्ट्राँग यांनी मोजमापे घेऊन ते शोधले. 1912 साली त्यांनी व्हॉल्व्हमधून वाढून आलेली लहर पुन्हा त्याच्याच तोंडाशी नेली. क्षीण संदेश एकदम खणखणीत झाले! पेटंटसाठी वडिलांनी पैसे दिले नाहीत. आधी पदवी घे, म्हणाले. एडविन यांनी मोटारसायकल विकली, तरी पुरेसे पैसे जमेनात. अखेर 31 जानेवारी 1913 रोजी त्यांनी आपली आकृती साक्षांकित करून घेतली.

हा रेडिओ संवेदनक्षम होता, पण जरा जास्त पिळला की शिट्ट्या मारी. 1918 साली पॅरिसमध्ये सैन्यात असताना आर्मस्ट्राँग यांनी नवी युक्ती काढली. तंबोऱ्याच्या दोन तारा किंचित विसंगत असल्या की फरकाचे हेलकावे ऐकू येतात. तसेच 1000 किलोहर्ट्झच्या लहरीत रेडिओतच तयार केलेली 1455 ची लहर मिसळली, की फरकाची 455 ची लहर मिळते. कोणतेही स्टेशन लावा, फरक तोच. त्यामुळे ती लहर निवडणे आणि वाढवणे सोपे जाते. हाच सुपरहेटरोडाइन रेडिओ. माळ्यावरचा रेडिओही बहुधा याच जातीचा असेल.

पहिल्या शोधाच्या मालकीवरून मात्र वर्षानुवर्षे खटला चालला. 1934 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डी फॉरेस्ट यांच्या बाजूने निकाल दिला. आर्मस्ट्राँग रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेचे पदक परत करायला गेले. संस्थेने ते घेतले नाही. मान त्यांचाच, असे सर्वांसमक्ष पुन्हा जाहीर केले.

रेडिओ कितीही संवेदनक्षम केला, तरी विजांची खरखरही तेवढीच मोठी होते. त्यावर उपाय म्हणून त्यांनी एफ.एम. पद्धत विकसित केली. तिची पेटंटे डिसेंबर 1933 मध्ये मिळाली. दुसऱ्या महायुद्धात ती त्यांनी सैन्याला विनामूल्य वापरू दिली. पण 1945 साली सरकारने एफ.एम.चा पट्टा बदलला आणि आधीचे रेडिओ निरुपयोगी झाले. मोठ्या कंपन्यांशी पुन्हा खटले सुरू झाले. पैसा गेला, घर विस्कटले. 31 जानेवारी 1954 च्या रात्री खचलेल्या मनाने त्यांनी आपले जीवन संपवले. त्यांच्या पत्नी मॅरियन यांनी खटले पुढे चालवले. शेवटचा निकाल 1967 साली लागला, तोही आर्मस्ट्राँग यांच्याच बाजूने. तो ऐकायला ते नव्हते.

आज आपण एफ.एम. लावतो, तेव्हा त्यांचेच काम ऐकतो. मित्रांनो, मन खचले तर घरी किंवा शाळेत जरूर बोला. आणि पालकहो, आपल्या माणसाची क्षीण हाकही ऐकू यावी, एवढी संवेदनक्षमता आपण सर्वांनी जपू या.