विश्लेषण : रोजची पोर्शे देऊन घेतली रेसिंग कार, जेम्स डीनच्या शेवटच्या नऊ दिवसांत काय घडले?

हॉलीवूडचा अभिनेता जेम्स डीन याने २१ सप्टेंबर १९५५ रोजी आपली रोजच्या वापरातली पोर्शे ३५६ स्पीडस्टर शोरूमला देऊन पोर्शे ५५० स्पायडर ही रेसिंग कार घेतली. नवव्या दिवशी त्याच गाडीत त्याचा मृत्यू झाला. तेव्हा तो अवघ्या २४ वर्षांचा होता. स्वप्नातल्या गाडीनेच त्याचा घात केला, असे गेली सात दशके सांगितले जाते. प्रत्यक्षात गाडी बदलणे आणि ती त्या दिवशी हमरस्त्यावर चालवणे, हे दोन वेगळे निर्णय होते. अपघात समजून घ्यायचा तर ते वेगळेच पाहावे लागतात.

वेगाची आवड कुठून आली?

डीनचा जन्म ८ फेब्रुवारी १९३१ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात झाला. तो नऊ वर्षांचा असताना आईचे कर्करोगाने निधन झाले आणि वडिलांनी त्याला फेअरमाउंट गावी आत्या आणि तिच्या यजमानांकडे पाठवले. तिथल्या शेतावर तो वाढला आणि शाळेत असतानाच मोटरसायकल चालवू लागला. पुढे कॉलेज अर्धवट सोडून तो अभिनयासाठी न्यूयॉर्कला गेला. एलिया कझान यांच्या ‘ईस्ट ऑफ ईडन’मध्ये मोठी भूमिका मिळाली, हाती पैसा आला आणि त्याने एमजी ही छोटी स्पोर्ट्स कार घेतली. १९५५ च्या सुरुवातीला ती देऊन स्पीडस्टर घेतली.

चांगली चालणारी स्पीडस्टर का बदलली?

स्पीडस्टर ही दोन्ही कामांची गाडी होती. आठवडाभर तिने स्टुडिओत जायचे आणि सुटीच्या दिवशी तीच शर्यतीत उतरवायची. मार्च १९५५ मध्ये पाम स्प्रिंग्ज येथे डीन नवशिक्यांच्या शर्यतीत पहिला आला, तर दुसऱ्या दिवशी मुख्य शर्यतीत दुसरा. मे महिन्यात बेकर्सफील्डलाही त्याने चांगली कामगिरी केली. मात्र महिनाअखेरीस सांता बार्बरा येथे इंजिनाचा पिस्टन निकामी झाला आणि शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली.

त्यानंतर ‘जायंट’चे चित्रीकरण सुरू झाले. ते संपेपर्यंत शर्यतीत उतरायचे नाही, अशी अट वॉर्नर ब्रदर्सने घातली होती. याच काळात त्याने मागवलेली लोटस रेसिंग कार वेळेवर येईना. चित्रीकरण आटोपत आले तेव्हा हॉलीवूडच्या कॉम्पिटिशन मोटर्स या शोरूममध्ये स्पायडर उभी होती. डीनने वेळ दवडला नाही.

दोन गाड्यांत फरक किती?

दोन्ही इंजिने दीड लिटरचीच. मात्र स्पीडस्टर सुपरची ताकद सुमारे ७० अश्वशक्ती आणि वजन साधारण ७६० किलो. स्पायडरची ताकद ११० अश्वशक्ती आणि वजन जेमतेम ५५० किलो. म्हणजे दर टनामागे स्पीडस्टरकडे ९० च्या आसपास अश्वशक्ती, तर स्पायडरकडे तब्बल २००. (५५० हे नाव वजनावरून नव्हे, तर पोर्शेच्या प्रकल्प क्रमांकावरून आले आहे.) इंजिन चालकाच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या पुढे बसवलेले. अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, वर छत नाही आणि उंची इतकी कमी की उभ्या माणसाच्या कमरेपर्यंतच यावी. ही गाडी शर्यतीसाठीच बनली होती.

डीनला याची कल्पना होती. म्हणूनच त्याने फोर्डची एक स्टेशन वॅगनही घेतली होती. तिच्यामागे ट्रेलर जोडायचा, त्यावर स्पायडर चढवायची आणि शर्यतीच्या ठिकाणीच उतरवायची, असा बेत होता. म्हणजे व्यवहारी गाडी त्याने सोडलेली नव्हती.

३० सप्टेंबरला बेत का बदलला?

१ आणि २ ऑक्टोबरला सलिनास येथे शर्यत होती. स्पायडरवर १३० हा क्रमांक रंगवून झाला होता. मात्र गाडी नवी होती. नव्या इंजिनाचे पिस्टन, रिंग आणि बेअरिंग एकमेकांत नीट बसण्यासाठी ते आधी काही अंतर चालवावे लागते. आपल्याकडे यालाच ‘रनिंग’ म्हणतात. चालकालाही गाडीची सवय हवी होती. मेकॅनिक रॉल्फ व्युथरिख यांनी गाडी चालवतच नेण्याचे सुचवले आणि ते डीनला पटले. व्युथरिख शेजारी बसले. स्टेशन वॅगन रिकामा ट्रेलर घेऊन मागून निघाली.

दुपारी साडेतीनच्या सुमारास पोलिसांनी दोन्ही गाड्यांना वेगाबद्दल दंडाच्या पावत्या दिल्या. ताशी ५५ मैलांची मर्यादा असताना डीन ६५ मैलांनी (सुमारे १०५ किमी) जात होता.

अपघात कसा झाला?

सायंकाळी पावणेसहाच्या सुमारास शोलॅम गावाजवळ दोन हमरस्ते मिळतात, तिथे समोरून आलेली फोर्ड कार डावीकडे वळली. अमेरिकेत वाहतूक उजवीकडून चालते. त्यामुळे डावीकडे वळताना समोरच्यांचा मार्ग कापावा लागतो, आपल्याकडे उजवीकडे वळताना कापावा लागतो तसाच. मावळतीचा प्रकाश आणि चंदेरी, ठेंगणी गाडी. ती आपल्याला दिसलीच नाही, असे फोर्डच्या तरुण चालकाने सांगितले. फोर्ड स्पायडरच्या दुपटीहून जड होती. धडकेत हलक्या गाडीच्या वेगात अचानक होणारा बदल मोठा असतो आणि तो आतल्या माणसांना सोसावा लागतो. डीनला मृत घोषित करण्यात आले, व्युथरिख गंभीर जखमी झाले, तर फोर्डच्या चालकाला किरकोळ इजा झाली. चौकशीत मृत्यू अपघाती ठरला.

मग दोष गाडीचा का?

पुढे या गाडीभोवती शापाच्या कथा रचल्या गेल्या. प्रत्यक्षात कारणे साधी आहेत. शर्यतीच्या बंद मार्गावर सगळे एकाच दिशेने धावतात, समोरून कुणी वळत नाही. हमरस्त्यावर इतरांना आपण दिसणे, हीच मोठी सुरक्षा असते आणि स्पायडरकडे नेमकी तीच नव्हती. विशेष म्हणजे, अपघाताच्या काही दिवस आधीच डीनने रस्त्यावर सावकाश गाडी चालवण्याचे आवाहन करणारी चित्रफीत केली होती.

‘रिबेल विदाउट अ कॉज’ त्याच्या मृत्यूनंतर महिनाभरात झळकला, ‘जायंट’ पुढच्या वर्षी. ऑस्करची दोन नामांकनेही मरणोत्तरच मिळाली. शोलॅमच्या त्या चौकाला २००५ मध्ये डीनचे नाव देण्यात आले. स्पायडर ज्यावर असायला हवी होती, तो ट्रेलर त्या संध्याकाळी याच रस्त्याने तिच्या मागून रिकामा येत होता.