लढाईनंतरचे शिवराय

छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म १६३० साली शिवनेरीवर झाला. त्यांच्या पराक्रमाच्या कथा आपण बालपणापासून ऐकत आलो. लढाई संपल्यानंतरची त्यांची दृष्टीही तितकीच थोर होती. १६५९ साली प्रतापगडच्या विजयानंतर, सभासदाच्या बखरीप्रमाणे, महाराजांनी जखमींना जखमेनुसार २५ ते २०० होन दिले, मृतांच्या पुत्रांचा सांभाळ केला आणि ज्यांना पुत्र नव्हते त्यांच्या विधवांना निमे वेतन बांधून दिले. कोणाची जखम केवढी, कोणाचा वारस कोण, हे नीट पाहिल्यावाचून असे वाटप होत नाही. १६८० साली रायगडावर महाराज निवर्तले. ज्ञातिबांधवहो, आपल्या घरातील निवृत्त सैनिकाचे डिस्चार्ज बुक, निवृत्तिवेतनाचे कागद व वारसाची नोंद त्याच्या हयातीतच तपासून ठेवणे, हेच महाराजांचे खरे स्मरण होय.